दोन मध्यम दर्जाची हॉटेलं, तीन रात्री, तीन माणसं: कुठलं घ्यावं?

दोन_बॅगा

एकाच मोठ्या शहरातली दोन थ्री स्टार हॉटेलं निवडून ठेवली आहेत. माणसं तीन: आम्ही दोघं आणि आई (वय ७१, गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे). चलनाचा घोळ नको म्हणून 'अ'चा एका रात्रीचा दर १०० धरून बाकीचे आकडे त्याच मापात देते.

'अ': मुख्य स्टेशनपासून २५० मीटर, शहराचा जुना भाग चालत दहा मिनिटांवर. १२० खोल्या, सात मजले, दोन लिफ्ट. डबल रूम १८ चौ. मी., दर १००, एक्स्ट्रा बेड २५. नाश्ता वेगळा, माणशी ९. शहर कर माणशी दर रात्री ३, तो हॉटेलात भरायचा. दोन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. गुण ८.७, परीक्षणं १९००.

'ब': परिषदेच्या इमारतीपासून ९०० मीटर, स्टेशनपासून ७ किमी. ६० खोल्या, पाच मजले, एक लिफ्ट. ट्रिपल रूम २६ चौ. मी. (डबल बेड आणि सोफा बेड). विनापरतावा १२८, रद्द करता येणारा दर १४२. नाश्ता आणि कर त्यातच. गुण ९.१, परीक्षणं १४०.

गाडी रात्री १०.४० ला पोचते. मधले दोन दिवस मला परिषद आहे, बाकी दोघं जुना भाग बघणार. चौथ्या दिवशी सकाळी ७.१५ चं विमान. 'ब' महाग आहे पण खोली मोठी आहे. निर्णय कशावर घ्यावा?

हिशेबनीस

रात्रीचा दर बाजूला ठेवा आणि मुक्काम संपेपर्यंत एकूण किती जाणार ते मांडा. तुमचेच आकडे घेते.

'अ': खोली आणि एक्स्ट्रा बेड मिळून १२५, तीन रात्रींचे ३७५. कर ३ × ३ माणसं × ३ रात्री = २७. नाश्ता तीनऐवजी दोनच सकाळी धरा. विमान ७.१५ चं असेल तर साडेचार-पावणेपाचला निघावं लागेल आणि तेव्हा कुठल्याच मध्यम हॉटेलात नाश्ता लागलेला नसतो. म्हणजे ९ × ३ × २ = ५४. बेरीज ४५६.

'ब': १४२ × ३ = ४२६. विनापरतावा घेतलंत तर ३८४.

आता प्रवास. मेट्रोची एक फेरी दीड आणि स्टेशन ते 'ब' टॅक्सी १२ धरते, खरे आकडे मिळाले की बदला. 'अ'त राहिलात तर फक्त तुमची परिषदेची ये-जा, चार फेऱ्या, ६. 'ब'त राहिलात तर उरलेल्या दोघांची दोन दिवसांची ये-जा, आठ फेऱ्या, १२, आणि पहिल्या रात्रीची टॅक्सी १२. विमानतळाची टॅक्सी दोन्हीकडून सारखीच धरून सोडून देते.

एकूण: 'अ' ४६२, 'ब' ४५० किंवा विनापरतावा ४०८. यादीत ४२ टक्के महाग दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात किंचित स्वस्त पडतंय. मोठा फरक एक्स्ट्रा बेड आणि नाश्त्याने पडला.

विनापरताव्याबद्दल: ४२६ वर ४२ वाचतात, म्हणजे जवळजवळ १० टक्के. बेत रद्द व्हायची शक्यता दहात एकपेक्षा जास्त वाटत असेल तर तो दर घेऊ नका. ७१ वर्षांचं माणूस बरोबर आहे आणि परिषदेची तारीख दुसऱ्याच्या हातात आहे, त्यामुळे मी तरी १४२ चाच दर तुलनेत धरेन.

'दोन दिवस आधीपर्यंत' या शब्दांवर विसंबू नका. बुकिंगच्या पावतीत तारीख आणि तास दोन्ही असतात. ती वेळ हॉटेलच्या शहराची असते, आणि कुठे संध्याकाळचे सहा असतात तर कुठे मध्यरात्र.

नकाशेवाचक

अंतरांबद्दल. हॉटेलं देतात ते अंतर बहुधा सरळ रेषेतलं असतं. रस्त्याने ते साधारण सव्वा ते दीड पट होतं. 'ब'चे ९०० मीटर म्हणजे प्रत्यक्षात १.१ ते १.३ किमी. मध्ये रेल्वेमार्ग, नदी किंवा दुभाजक असलेला मोठा रस्ता असेल तर आणखी. मोठ्या माणसाचा नेहमीचा वेग मिनिटाला ८० मीटर, म्हणजे तुम्हाला पंधरा मिनिटं. आईंसाठी मिनिटाला ५० मीटरच धरा.

'अ'चे २५० मीटरही तपासा. ते स्टेशनच्या कुठल्या दरवाजापासून? लांब पल्ल्याची गाडी ३००-४०० मीटर लांब असते. शेवटच्या डब्यातून उतरलात तर फलाटावरच हॉटेलपेक्षा जास्त अंतर चालाल. सीट निवडता येत असेल तर हॉटेलच्या बाजूच्या दरवाजाजवळ थांबणारा डबा घ्या. शिवाय त्या दरवाजाला लिफ्ट किंवा सरकता जिना आहे का आणि तो रात्री अकराला चालू असतो का, हे स्टेशनच्या नकाशावर पाहून ठेवा.

'स्टेशनजवळ' हा 'अ'चा मोठा गुण वाटतोय, पण शेवटच्या सकाळी त्याचा उपयोग होईलच असं नाही. विमानतळाची पहिली गाडी किती वाजता सुटते ते त्या वाराच्या वेळापत्रकात बघा, रविवारचं वेगळं असतं. ७.१५ च्या विमानासाठी सव्वापाचच्या सुमारास विमानतळावर असायला हवं. पहिली गाडीच पाचला असेल तर दोन्ही हॉटेलांतून टॅक्सीच करावी लागणार.

जागेचा खरा फायदा दुपारी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुपारी दोन तास आडवं व्हायला खोलीवर येता आलं पाहिजे. 'अ'पासून जुना भाग दहा मिनिटं असेल तर आईंच्या चालीने पंधरा-सोळा. ते जमतं. 'ब'हून दारापासून मेट्रो, थांबणं, प्रवास आणि पुन्हा चालणं मिळून ३० ते ३५ मिनिटं एका बाजूची. दुपारी येऊन परत जायचं म्हटलं तर सत्तर मिनिटं आणि चारदा जिने. कोणी ते करत नाही. मग आई एक तर दिवसभर बाहेर राहतात नाही तर दुपारनंतर हॉटेलातच थांबतात. हिशेबनीसांच्या बेरजेत ही बाब येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

रात्रपाळी_रिसेप्शन

काउंटरच्या आतल्या बाजूने काही गोष्टी.

तुम्ही 'अ' शोधताना दोन माणसं टाकली असावीत आणि तिसरं नंतर जोडलं असावं. शोधताना सुरुवातीलाच तीन प्रौढ टाका. मग वेगळ्या प्रकारच्या खोल्या वर येतात: ट्रिपल, फॅमिली, कधी क्वाड (चार जणांची). १२० खोल्यांच्या स्टेशनजवळच्या हॉटेलात अशा पाच-दहा खोल्या असतातच, आणि डबल अधिक एक्स्ट्रा बेडपेक्षा त्या बऱ्याचदा स्वस्त पडतात. संकेतस्थळावर नाही दिसल्या तर हॉटेलला थेट ईमेल करा, कारण सगळ्या प्रकारच्या खोल्या सगळ्या संकेतस्थळांना दिलेल्या नसतात.

१८ चौ. मी. मध्ये तिसरा पलंग म्हणजे काय ते मांडून बघा. त्या आकड्यात बाथरूम धरलेलं असतं, ते ४ गेलं. उरले १४. डबल बेड १६० × २०० सेंमी म्हणजे ३.२. घडीचा पलंग साधारण ८५ × २००, म्हणजे १.७. कपाट आणि टेबल दीड, दाराजवळचा बोळ अडीच. हातात राहतात पाच, त्यात तीन माणसांच्या उघड्या बॅगा. रात्री बाथरूमला जाताना कुणाला तरी पलंग ओलांडून जावं लागेल. घडीच्या पलंगाची गादी पातळ असते आणि उंची कमी, जेमतेम ४० सेंमी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठणं जड जातं. 'ब'चा सोफा बेडही तसाच, गादी दहा-बारा सेंमी आणि मध्ये आडवी पट्टी पाठीला लागते. तिथे तुमच्यापैकी कुणी झोपणार असाल तर ठीक.

उशिरा पोचण्याबद्दल. तुम्ही खोलीच्या दारात पोचेपर्यंत सव्वाअकरा होतील. हॉटेलं थोडं जास्तीचं बुकिंग घेतात, कारण रोज काही लोक येत नाहीत. सगळे आले तर ज्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवायचं तो शक्यतो उशिरा येणारा, एकाच रात्रीचा आणि ज्याची काही खबर नाही असा असतो. तुमच्या तीन रात्री आहेत हे बरं. दोन दिवस आधी ईमेल करा: गाडीची वेळ, 'रात्री ११.१५ पर्यंत पोचतो, खोली राखून ठेवा', आणि उत्तरात हॉटेलचा स्वतःचा आरक्षण क्रमांक मागा. संकेतस्थळाचा क्रमांक वेगळा असतो. हॉटेलचा क्रमांक मिळाला म्हणजे बुकिंग त्यांच्या यंत्रणेत उतरलंय हे कळतं.

'ब'सारख्या ६० खोल्यांच्या ठिकाणी रात्री काउंटरवर माणूस असतो का हे आवर्जून विचारा. काही ठिकाणी रात्री दहानंतर दाराचा कोड देतात. आई आजारी पडल्या तर खाली कोणी असणं गरजेचं आहे.

खोल्या कुणाला कुठली द्यायची हे साधारण आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठरतं. त्यामुळे महिनाभर आधी बुकिंगमध्ये टाकलेली विनंती वाचली जाईलच असं नाही. दोन-तीन दिवस आधी पुन्हा लिहा, आणि जास्तीत जास्त दोन गोष्टी मागा. सात मागण्यांची यादी आली की त्यातलं कुठलं महत्त्वाचं ते आम्हाला कळत नाही.

शांत_झोप

+१. त्या दोन मागण्यांपैकी एक 'सगळ्यात वरचा मजला' असू द्या. रस्त्याचा आवाज आपोआप कमी होतो.

पाईप_पंप_पंखे

शांत_झोप, इथे थोडं वेगळं सांगतो. वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. दुसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर गेल्याने कानाला फारसा फरक जाणवत नाही. रस्त्याकडची खोली सोडून मागच्या चौकाकडची घेतली तर मात्र १० ते २० डेसिबल सहज कमी होतात, कारण मध्ये सगळी इमारत आडवी येते. आणि सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर गच्चीतली यंत्रं असतात: एसीची बाहेरची युनिटं, एक्झॉस्टचे पंखे, कधी लिफ्टची मोटर. त्यांचा हलका घुमणारा आवाज छतातून खाली उतरतो आणि खिडकी लावून थांबत नाही. म्हणून मागणी अशी लिहा: 'मागच्या बाजूची, वरून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांब.' मागची बाजू घेताना तिथे स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट किंवा माल उतरवायची जागा नाही ना, एवढं उपग्रह नकाशावर बघा.

आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सूचनांनुसार झोपायच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल आणि एखादा अचानक आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. स्टेशनजवळच्या रस्त्यावर इमारतीच्या भिंतीपाशी ६५-७० असतो. साधी दुहेरी काच बंद असताना ३० च्या आसपास खाते. म्हणजे आत ३५-४०, झोपमोड व्हायला पुरेसा. खिडकी थोडी उघडलीत की तीच खिडकी जेमतेम १०-१५ खाते. म्हणून रस्त्याकडच्या खोलीत खिडकी बंद ठेवून झोपता येईल असा एसी असणं अटळ.

आणखी एक: दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार. ते भिंतीच्या मानाने फारच पातळ असतं आणि खालची फट कधी नीट बुजवलेली नसते. शेजारचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. 'जोडदार नसलेली खोली' ही मागणी बहुतेक हॉटेलं सहज पूर्ण करतात.

एसीबद्दल. फोटोत भिंतीवर थर्मोस्टॅट दिसला म्हणजे थंडावा तुमच्या हातात आहे असं समजू नका. पुष्कळ जुन्या मध्यम हॉटेलांत दोन नळ्यांची व्यवस्था असते. सगळ्या इमारतीत एका वेळी एक तर गरम पाणी फिरतं नाही तर गार. ऋतू बदलताना कधी पालटायचं ते हॉटेल ठरवतं, आणि पालटायला एखाद-दोन दिवस जातात. त्या आठवड्यांत थर्मोस्टॅट १८ वर ठेवला तरी पंखा नुसती खोलीतली हवा फिरवत राहतो. परीक्षणांत मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये 'एसी चालत नव्हता' असे शेरे एकत्र दिसले तर कारण बहुधा हेच. प्रश्न असा विचारा: 'आमच्या तारखांना खोलीत थंड हवा चालू असेल का, आणि तापमान प्रत्येक खोलीत वेगळं ठरवता येतं का?' 'एसी आहे का' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

गरम पाणी: मध्यवर्ती बॉयलर असतो. नळापर्यंत गरम पाणी सतत फिरवणारा पंप असेल तर पाव-अर्ध्या मिनिटात पाणी येतं. नसेल तर टोकाच्या खोल्यांत दोन-तीन मिनिटं गार पाणीच वाहतं. सकाळी सात ते आठ दाब उतरतो. परीक्षणांत 'कोमट' हा शब्द शोधा. आणि बंद राहिलेल्या खोलीत पहिल्या वेळी शॉवर दोन मिनिटं नुसता सोडून बाजूला उभे राहा. साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेलाचे जंतू वाढतात आणि ते तुषारांतून फुप्फुसात जातात. वयस्कर माणूस असेल तर हे नक्की करा.

लिफ्ट. सहा जणांची लिफ्ट लिहिलेली असते, बॅगांसकट त्यात तीन-चार मावतात. एक फेरी थांबत थांबत दोन मिनिटांची धरा, म्हणजे तासाला ३० फेऱ्या, १२० माणसं. 'अ'च्या दोन लिफ्ट तासाला २४० माणसं नेतात, हॉटेल भरलेलं असताना २०० च्या आसपास माणसं असणार. पुरतं, पण हाउसकीपिंगसाठी वेगळी लिफ्ट असेल तरच. नसेल तर सकाळी नऊला एक लिफ्ट चादरींच्या गाड्यांनी अडकलेली असते. 'ब'ला एक लिफ्ट गर्दीच्या हिशेबाने पुरेशी आहे. अडचण ती बंद पडली तर आहे, कारण मग चार मजल्यांचे जिने. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी एक लिफ्ट असलेल्या हॉटेलात पहिल्या मजल्याचीच खोली मागा. आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते का हेही विचारा. जुनी इमारत दुरुस्त करून केलेल्या हॉटेलात पाच-सात पायऱ्या चढल्यावर लिफ्ट लागणं अगदी नेहमीचं आहे.

शांत_झोप

जोडदाराचा मुद्दा पटला. तो मागण्यांत वरच्या मजल्याच्या आधी ठेवायला हवा.

औषधपेटी

इन्सुलिनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. खोलीतला छोटा फ्रिज बहुधा कॉम्प्रेसरचा नसतो. तो बिनआवाजाचा असतो, पण खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १०-१५ अंशच खाली जातो. खोली २६ असेल तर आत ११ ते १६. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. त्यातून अनेक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीची वीज जाते आणि काही ठिकाणी फ्रिजही त्यातच बंद होतो.

दोन्ही हॉटेलांना विचारा: 'औषधासाठी कॉम्प्रेसरचा फ्रिज मिळेल का, आणि त्याची वीज कार्डाशी जोडलेली नाही ना?' नसेल तर स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये ठेवता येतं. डबीवर नाव, खोली क्रमांक आणि 'गोठवू नये' असं त्यांच्या भाषेत लिहून द्या, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मात्र पहाटे साडेचारला स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून आदल्या रात्रीच परत मागून घ्या. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली काही आठवडे चालतं, नेमकी मुदत पाकिटातल्या पत्रकात असते. तीन रात्रींना तेवढं पुरेल असं बघितलंत तर फ्रिजचा प्रश्नच उरत नाही. सुटं पेन मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा.

बाथरूमही बघा. टबाची कड ४५ ते ५५ सेंमी उंच असते आणि आत उतरताना ओल्या पायावर सगळा भार येतो. आईंना सपाट शॉवर हवा. संकेतस्थळावर 'टब किंवा शॉवर' लिहिलेलं असेल तर दोन्हींपैकी काहीही मिळू शकतं. ईमेलमध्ये 'टब नसलेला शॉवर' असं स्पष्ट लिहा.

आकडेमोड

गुणांकडे बघू. माणसांच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप) दीड धरलं तर 'ब'चा खरा गुण १४० परीक्षणांवरून साधारण ८.८५ ते ९.३५ मध्ये, 'अ'चा ८.६ ते ८.८ मध्ये येतो. म्हणजे 'ब' थोडं वर आहे हे खरं, पण कितीने हे धूसर आहे. बरीचशी परीक्षणं पहिल्या वर्षातली असतील तर रंग, गाद्या, नळ सगळं नवं असतं. त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांतलीच वेगळी काढा.

एकत्रित गुणांपेक्षा 'स्वच्छता' आणि 'खोलीचा आराम' हे उपगुण ताडून बघा. स्टेशनजवळच्या हॉटेलाला जागेचे ९.५ मिळतात आणि लोक त्याच खुशीत एकूण गुणही वर टाकतात. उलट तुमच्यासाठी जागेचा गुण निरुपयोगी आहे, जागेचा हिशेब नकाशेवाचकांनी तुमच्या वेळापत्रकावरून केलाच आहे.

वाचताना क्रम 'नवीन आधी' लावा आणि मधल्या गुणांची परीक्षणं वाचा, पाच ते सात. दहा देणारे आणि एक देणारे कारणं कमी सांगतात. परीक्षणांत शोधायची सोय असते तिथे 'लिफ्ट', 'आवाज', 'गरम पाणी', 'बांधकाम', 'वास' एवढे शब्द टाका. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत तीन-चार जणांनी केली असेल तर ती खरी धरा. हॉटेलच्या उत्तरात 'दुरुस्ती अमुक महिन्यात झाली' असं ठोस काही असेल तर त्या महिन्यानंतरची परीक्षणं वाचा. नुसती दिलगिरी असेल तर काही बदललेलं नाही. फोटो पाहुण्यांनी काढलेलेच बघा, हॉटेलचे रुंद भिंगातून घेतलेले असतात आणि त्यात १८ चौ. मी.ची खोली २५ ची दिसते.

रात्रपाळी_रिसेप्शन

आकडेमोड यांच्या यादीत 'ढेकूण' हा शब्दही घाला. एखादी जुनी तक्रार आहे म्हणून हॉटेल बाद करू नका, ढेकूण पाहुण्यांच्या बॅगांतून कुठल्याही दर्जाच्या हॉटेलात येतात. दोन-तीन ताज्या तक्रारी असतील तर मात्र बाद करा.

खोलीत शिरल्यावर बॅगा पलंगावर किंवा गालिच्यावर न ठेवता बाथरूमच्या फरशीवर ठेवा. चादर कोपऱ्यापाशी उचला आणि गादीच्या शिवणीवरून मोबाईलचा दिवा फिरवा, मग पलंगाच्या डोक्याकडच्या फळीच्या मागे. शाईचे टिपके पडावेत तसे काळे ठिपके, फिकट कातडीची टरफलं किंवा पाच मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा दिसतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. दिसलं तर खोली बदलताना शेजारची, वरची आणि खालची नाकारा, ते भिंतीतून तिथेही गेलेले असू शकतात.

हिशेबनीस

कार्डाचं राहिलं. चेक-इनला हॉटेलं बिलाशिवाय काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून वजा होते. डेबिट कार्डावर खात्यातले पैसेच अडकतात आणि सुटायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात. परदेशात असाल आणि मशीनने 'तुमच्या चलनात घेऊ का' विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. त्या सोयीच्या दरात काही टक्के जास्त लावलेले असतात.

दोन_बॅगा

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे एकच ईमेल पाठवली होती, उत्तरं आली.

'अ': तीन प्रौढ टाकल्यावर फॅमिली रूम दिसली, २४ चौ. मी., डबल बेड आणि वेगळा सिंगल बेड (९० × २००), दर १२२. मागच्या चौकाकडे, पाचव्या मजल्यावर देता येईल म्हणतात. सपाट शॉवर, जोडदार नाही. हाउसकीपिंगची लिफ्ट वेगळी. थंड हवा त्या तारखांना चालू असते. खोलीतला फ्रिज छोटा, पण औषध स्वयंपाकघरात ठेवतील. रात्रभर काउंटरवर माणूस असतो.

'ब': लिफ्टपूर्वी सहा पायऱ्या. ट्रिपल रूममध्ये सगळीकडे टब. पहिल्या मजल्यावर ट्रिपल नाही. रात्री अकरानंतर दाराचा कोड, फोन केल्यास माणूस येतो. पण कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे.

हिशेबनीस

'अ'ची नवी बेरीज: १२२ × ३ = ३६६, अधिक कर २७, नाश्ता ५४, मेट्रो ६. एकूण ४५३. 'ब' रद्द करता येणारा ४५०. पैशांत फरकच राहिला नाही.

नकाशेवाचक

मग 'अ' घ्या. पायऱ्या, टब आणि दुपारची विश्रांती, तिन्ही गोष्टी आईंच्या गुडघ्यांशी निगडित आहेत आणि तिन्हींत 'ब' मागे पडतं. तुमची परिषदेची ये-जा रोज तासभर वाढेल, तेवढं एकच नुकसान. परिषदेची वेळ नऊची असेल तर आठला निघा, गर्दीच्या वेळी मेट्रो दारात थांबते पण चढता येतंच असं नाही.

पाईप_पंप_पंखे

सहमत. 'पाचव्या मजल्यावर देता येईल' हे आश्वासन नाही, हे लक्षात ठेवा. फॅमिली रूम बुक करताना टिपणीच्या रकान्यात 'ईमेलनुसार मागची बाजू, सपाट शॉवर' एवढं लिहा आणि ईमेलची तारीख टाका. गुडघ्यांच्या दृष्टीने शॉवरला मजल्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. ऐनवेळी पाचवा मजला नाही मिळाला तर चालेल, टबाची खोली मात्र स्वीकारू नका.

रात्रपाळी_रिसेप्शन

शेवटच्या सकाळसाठी: आदल्या रात्री दहाच्या आत काउंटरवर तीन गोष्टी उरका. बिल छापून घेऊन शहर कराच्या ओळीत नऊ माणूस-रात्री (तीन माणसं, तीन रात्री) आहेत का बघा आणि भरून टाका. टॅक्सी साडेचारची सांगा आणि गाडीचा क्रमांक मागून ठेवा. स्वयंपाकघरातलं औषध खोलीवर न्या. नाश्ता तुम्ही दोनच दिवसांचा घेतला आहे, त्यामुळे तिसरी सकाळ बिलात चढलेली नाही ना तेही तिथेच तपासा. पहाटे बिल दुरुस्त करायचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाकडे बहुधा नसतो.